रिफ्रेश

शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. किन्हवलीहून एसटीने यायची. आली की खुर्ची भिंतीला लावायची, म्हणजे मागून कुणाला तिचा स्क्रीन दिसू नये. कुठलाही नवा शब्द शिकवला की तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "सर, पन ते पुसता येतं का?"

एकदा सरांनी वेबपेजचा कोड उघडून दाखवला. थोड्या वेळाने तिने मला कोपराने ढोसलं. तिच्या स्क्रीनवरच्या पेजवर तिचाच फोटो होता. खाली तिचा मोबाइल नंबर आणि घाणेरडा मजकूर.

"एकाला लग्नाला नाय म्हटलं, म्हणून त्याने टाकलंय," ती पुटपुटली. मग तिने कोडमधली एक ओळ डिलीट केली. फोटो नाहीसा झाला.

"गेला गो!" तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला सांगावंच लागलं, "हा फक्त तुझ्या ब्राउझरमधून गेलाय. खरं पेज सर्व्हरवर असतं. रिफ्रेश केलं की परत येईल."

तिने हात मांडीवर घेतले. "तू दाब."

मी दाबलं. फोटो परत आला.

"सर्व्हर कुठे असतो गो? शहापुरात?"

"नाय. लांब कुठेतरी."

"मग आमच्या घरी पन दिसत असेल."

मी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तक्रार दिली. पेज निघायला वेळ लागेल, असं पोलिसांनी सांगितलं. परतताना बाजारात कुणी मोबाइलमध्ये बघताना दिसला की ती ओढणी तोंडावर घ्यायची. आणि बाजारात सगळेच मोबाइलमध्ये बघत होते.