थांबलेल्या कणाची जागा

"दौड़ तो सब देख लेते हैं, बेटा. ठहरने की जगह देखिए," असं म्हणत आपा मायक्रोस्कोपची फिरकी केसभर फिरवायच्या. विभागप्रमुख सरांनाही त्या तितक्याच अदबीनं सुनावत, "साँस ज़रा उधर लीजिए, प्लेट धुँधला जाती है." सर मुकाट्यानं तोंड वळवत.

मी साताऱ्याहून लखनऊला संशोधनासाठी आले, तेव्हा आपांची मायक्रोस्कोपपुढच्या त्या खुर्चीत तीस वर्षं झाली होती. जुन्या शहरातल्या चौक नावाच्या मोहल्ल्यातून रोज ई-रिक्षानं यायच्या. लहानपणी घरी चिकनचं भरतकाम केलेलं, त्यामुळे नजर बारीक टाक्याची. कामही तसंच. आकाशातून आलेले कण काचेवर जाड थर दिलेल्या फोटोच्या प्लेटमध्ये काळ्या ठिपक्यांची रेघ सोडून जातात, ती हुडकायची.

प्रत्येक नव्या मुलीला त्या पायॉन नावाच्या कणाची गोष्ट सांगत. डोंगरावर ठेवलेल्या प्लेटमध्ये एक कण धावत आला, थांबला, आणि तिथूनच दुसरा निघाला. थांबला तो कण तोवर कुणाला ठाऊकच नव्हता. "और पहले देखा किसने? माइक्रोस्कोप पर बैठी एक लड़की ने." हे सांगताना त्या ओढणी सारखी करत, जशी काही ती मुलगी त्यांच्याच गल्लीतली.

आमची पद्धत तुम्हाला सांगायला हवी. एकच प्लेट दोघींनी वेगवेगळी बघायची, एकमेकींना अवाक्षर सांगायचं नाही, मग वह्या ताडायच्या. आपांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा सरांनी आपांना आणि मला एक प्लेट दिली आणि म्हणाले, हिच्यावर तुम्हा दोघींच्या वह्या जुळल्या तर आपांना नोकरीत आणखी एक वर्ष.

त्यांच्या वहीत थांबण्याची एक जागा जास्त निघाली. मी तीनदा पाहिलं, मला काही दिसेना. मी लिहिलं, "नाही." तेवढ्यावर आपांना शाल आणि गुच्छ देऊन निरोप दिला गेला.

"आपने ठीक ही लिखा होगा, बेटा," त्या जाताना म्हणाल्या. मला हायसं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

महिन्याभरानं एका नव्या मुलीला शिकवायला मी तीच प्लेट लावली आणि फिरकी फिरवत नजर थराच्या पार तळापर्यंत नेली. काचेला अगदी चिकटून एक जाड रेघ थांबली होती, आणि तिथून दुसरी, बारीक, निघाली होती. मी दर वेळी तळाच्या अलीकडेच फिरकी सोडली होती. मी वही घेऊन सरांकडे गेले.

सरांनी वही दुरुस्त करून घेतली, पण खुर्ची तोवर दुसऱ्या कुणाला दिली होती. मी चौकात आपांच्या घरी गेले. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा लावून, डोळे मिटून त्या खाटेवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"जो निकला, वो किधर को गया?" त्यांनी तळहात पुढे केला.

मी त्यावर बोटानं रेघ ओढली, मधोमध सुरू करून करंगळीच्या कडेपर्यंत.

"बस, इतना ही?"

"आगे प्लेट ख़त्म हो जाती है, आपा."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच उघडा ठेवून बसून राहिल्या.