टपावर दोन थापा

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. नववीतली पोर. मागच्या जुलैतल्या एका सोमवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, आमच्या फाट्यावर, दर्यापूरच्या जीपमागे.

जीप खचाखच भरलेली. मागच्या दाराशी आम्ही दोघंच उरलो होतो. मी चढून कोपऱ्यात उभा राहिलो. आमच्याकडे रिवाज असा, की मागचा माणूस टपावर दोन थापा मारतो आणि चालक मागं न बघता गाडी काढतो. थापा पडल्या तेव्हा तिचा एक पाय पायदानावर होता, दुसरा जमिनीवर. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात दांडी. जीप उसळली. ती पाठीवर डांबरावर पडली. डावा हात मोडला.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत गावानं निकाल लावून टाकला होता: पोरगी धांदरट. बाबांनीही तोच उचलला.

"नीट धरता येत नाई त राहू दे शाळा. गावात आठवी झाली, लय झाली."

मी पेटलो. एसटी सुरू करा म्हणून दोन वर्षं पत्रकं लिहितो आहे, हात बसलेला. त्याच संध्याकाळी लिहून काढलं: चालकाच्या बेपर्वाईचा बळी. दुसऱ्या दिवशी चालक स्वतःच केळी घेऊन घरी आला. मी कागद त्याच्यापुढे धरला. त्यानं तो शेवटपर्यंत वाचला.

"लिवा भाऊ. मी मागं पाह्यलं नाई, हे खरं हाय. पण थाप आयकली म्हणून गाडी काढली. थाप कोनं मारली, ते बी लिवा."

बहीण उठली. स्टीलचा ग्लास आणला, माझं पत्रक चार घड्या घालून त्यावर ठेवलं, वर एक नाणं. चांगल्या हातानं कागदाला टिचकी मारली. कागद उडाला, नाणं टणकन ग्लासात पडलं.

"बाबा, कागद म्हणजे जीप, नाणं म्हणजे मी. थांबलेली वस्तू बल लागल्याबिगर हलत नाई. पायाले जीपनं ओढलं. अंगाले कोनीच ओढलं नाई, ते जागीच राह्यलं."

"मंग घट्ट धराचं ना."

"धरलंच होतं. गाडी हळू निघाली असती त त्या एका हातानं अंग ओढलं असतं. तोच वेग झटक्यात द्याचा म्हटलं त बल कितीतरी जास्त लागते. तेवढं बोटांत नव्हतं."

बाबांनी नाणं काढलं, परत कागदावर ठेवलं, स्वतः टिचकी मारली. नाणं पडलं. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. मग मान वर केली.

"थाप कोनं मारली?"

बहीण माझ्याकडे बघत होती. तिला सोमवारपासून माहीत होतं. दवाखान्यात, घरी, शाळा कायमची सुटायची वेळ आली तरी तिनं तोंड उघडलं नव्हतं. मला दर्यापूरच्या बैठकीला दहाच्या आत पोचायचं होतं, एवढीच घाई.

"मी," मी म्हणालो.

"वा रे पुढारी," बाबा म्हणाले. "मंग आता शाळा कोनाची बंद कराची?"

चालक केळी तशीच ठेवून निघाला. जाताना बहिणीला म्हणाला, "बाई, उद्यापासून मी उतरून पायतो." गुरुवारी ती प्लास्टर गळ्यात अडकवून शाळेत गेली. माझ्या मागे नाही, चालकाच्या शेजारी बसून.

ते पत्रक मी फाडलं. हे लिहितो आहे ते त्याच्या जागी, आणि यात चालकापेक्षा माझा गुन्हा मोठा आहे. पण टपावर हात आपटणारा मी एकटा नाही. अमरावती असो की अकोला, जीपच्या मागच्या दाराशी रोज तुम्हीच उभे असता, आणि तुम्हालाही घाईच असते. उद्या हात उचलाल तेव्हा आधी खाली बघा. कोणाचा एक जरी पाय जमिनीवर दिसला, तर थाप मारू नका.