हात हलवून खेळायचा खेळ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल तर फक्त आवाजाने. मी व्हिडिओ गेमवर बोलतो. मराठीत, इंटरनेटवर. दर आठवड्याला एक व्हिडिओ टाकतो आणि लोक तो जेवताना बघतात.

माझं एक मत माझ्या ऐकणाऱ्यांना पाठ आहे. कंट्रोलर हातात धरून हवेत हात हलवायचा, की पडद्यावरचा माणूस तलवार फिरवतो, बाण सोडतो. या प्रकाराने जुन्या वळणाच्या साहसी खेळाचं वाटोळं केलं, असं मी गेली सहा वर्षं सांगतोय. तो खेळ मांडी घालून, बटणं दाबत खेळायचा. गुहा, कुलपं, किल्ल्या, भिंतीवरच्या खुणा. डोकं चालवायचं आणि आपल्याला हात आहेत हे विसरून जायचं. हात हलवायला लागले की माणूस गुहेतून उठतो तो थेट स्वतःच्या हॉलमध्ये येतो आणि टीपॉयला गुडघा आपटतो. चांगलं बोलतो मी यावर, अगदी रंगात येऊन. लोक विचारतात, एवढा राग कशाचा? मी हसतो आणि तीच कारणं पुन्हा देतो. कारणं खोटी नाहीत. पण रागाचं मूळ तिथे नाही.

मूळ उत्रोलीला आहे. भोरच्या लगतचं आमचं गाव. तिथे माझा चुलत भाऊ राहतो — विलासदादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा होता, कॅसेट घालून खेळायचा. खेळायचा दादा. मी बघायचो. माझी पाळी आली की मी पहिल्याच खड्ड्यात पडायचो आणि चुलते म्हणायचे, "दे त्याच्याकडं. तुला न्हाई जमायचं." दादाचे अंगठे त्या बटणांवर असे चालायचे की शेजारची माणसं कामं टाकून येऊन बसायची. मला तो आवडायचा. खूप आवडायचा. आणि — हे कसं सांगू — मला तो एकदा तरी त्या खड्ड्यात पडलेला बघायचा होता.

पुढे मी पुण्याला आलो, शिकलो, गेमवर बोलून थोडंफार नाव केलं. दादा गावीच राहिला. भाताची खाचरं, चार म्हशी आणि एक पिकअप. पहाटे आसपासच्या वाड्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि नसरापूरला नेऊन घालायचे. त्या गाडीवर त्याचा जीव होता.

मग कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा हात अडकला. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली. मी दवाखान्यात गेलो, तो हात पट्ट्यांत गुंडाळलेला बघून रडलो. खरंच रडलो. पण आता सांगायलाच बसलोय तर सगळं सांगतो — त्या रडण्याच्या खाली एक विचार आरामात पाय पसरून बसला होता. आता हा खेळणार कसा? आणि मला बरं वाटलं. तुम्हाला असं कधी झालंय? नसेल झालं तर चांगलंच आहे.

गाडी मेहुणा चालवायला लागला, म्हणजे सुमनवहिनीचा भाऊ. दादा शेजारी बसायचा. चार माणसांत आला की उजवा हात टॉवेलखाली ठेवायचा. अशी तीन वर्षं गेली.

त्या वर्षी गणपतीला मी गावी जाताना नवा गेम घेऊन गेलो. मिरवायला, दुसरं काय? साहसी खेळच होता, पण हात हलवून खेळायची सोय असलेला. कंट्रोलर मनगटाला पट्ट्याने बांधता यायचा, अंगठ्याखाली एकच मोठं बटण यायचं. जेवणं झाली, सगळे टीव्हीसमोर बसले आणि मी तो दादाच्या तळहातावर ठेवून पट्टा आवळला. घरातल्यांना वाटलं, काय माया आहे! मला मात्र तो आपटी खाताना बघायचा होता.

तो दहा मिनिटं चाचपडला. मग सुटला. विळा फिरवावा तशी तलवार फिरवायचा, आडवी, खालून, एका लयीत. पडद्यावर गुहेचं छत खाली आलं की हा मान वाकवायचा, अरुंद कड्यावरून जाताना श्वास धरायचा. मी व्हिडिओत सांगतो ना, हात हलवले की माणूस खेळाबाहेर येतो? हा माणूस आत गेला होता, आणि आम्हा सगळ्यांना आत घेऊन गेला होता. माझी बायको तर त्याच्याबरोबर डावी-उजवीकडे कलत होती.

त्या खेळात एक जागा आहे. वाऱ्यावर हलणाऱ्या तीन घंटा, त्या एका दमात तीन बाणांनी वाजवायच्या. बटणांवर खेळताना मी तिथे दोन आठवडे अडकलो होतो. शेवटी एक अख्खा व्हिडिओ करून टाकला की ही जागाच सदोष आहे. दादाने ती दुसऱ्या झटक्यात पार केली. मग टॉवेलाने तोंड पुसत माझ्याकडे बघून हसला. "तू नुसता बोलतोस लेका. खेळत न्हाईस." सगळे हसले. माझे वडील सगळ्यांत मोठ्याने हसले.

त्याने ते कौतुकानेच म्हटलं होतं, मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं.

गेम तिथेच ठेवून मी परत आलो. मोठ्या मनाचा भाऊ. महिनाभर वहिनीचे फोन येत राहिले. आज इतक्या गुहा झाल्या, आज अमका राक्षस पडला. मग हळूहळू दुसऱ्याच गोष्टी. त्या हाताने कॅन उचलला. म्हशीचं दावं बांधलं. टॉवेल आता खांद्यावरच असतो. "भावजी, तुमी ते यंत्र आनलं आन् ह्यांचा हात जागा झाला बगा." आणि मग तिने ते सांगितलं. दादाने ठरवलं होतं, खेळातला शेवटचा दरवाजा दसऱ्याला सगळ्यांसमोर उघडायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी स्वतः काढायची. तीन वर्षांनी. "हात शेवटपर्यंत नीट चालला तर समजायचं, स्टिअरिंग बी पेलंल," असं तो म्हणत होता.

मी म्हणालो, वा वहिनी, मी येतोच.

नवमीला पोचलो. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजेला मांडतात. पाटावर कापड, त्यावर विळे, कोयता, खुरपी, कुऱ्हाड, गाडीची जादाची चावी, वर हळदकुंकू आणि झेंडू. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत हत्याराला कुणी हात लावत नाही, जागचं हलवत नाही. त्या मांडणीत, चावीच्या शेजारी, कंट्रोलर होता. वहिनीने त्यालाही कुंकू लावलं होतं. तो कोयत्याच्या मुठीवर तिरका टेकला होता, कारण पाटावर जागाच नव्हती.

मला हसू आलं. मग हसू गेलं.

तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगतो, फार अवघड नाही. या कंट्रोलरला मधूनमधून शिकवावं लागतं की सरळ म्हणजे काय. तो सपाट जागेवर ठेवायचा, एक बटण दाबायचं, अर्धा मिनिट थांबायचं. तो ज्या स्थितीत पडलेला असेल तीच स्थिती त्याच्या लेखी सरळ होते. त्याला तिरका ठेवून शिकवलं, तर मग तुम्ही हात कितीही सरळ धरा, पडद्यावरचा हात बाजूलाच जाणार. घरात हे फक्त मला माहीत होतं. गेम मी लावून दिला होता, सगळ्या पाट्या इंग्रजीत होत्या.

दुपारी सगळे खाचराकडे गेले होते. मी टीव्ही लावला, दुसऱ्या कंट्रोलरने ते सरळ शिकवायच्या पाटीपर्यंत गेलो. आणि पूजेपाशी वाकून कंट्रोलरच्या बटणावर एक बोट टेकवलं. तो हलवला नाही, बरं का! पूजेतलं हत्यार हलवायचं नसतं. आहे तसा, तिरकाच राहू दिला आणि अर्धा मिनिट थांबलो. तेवढ्यात वहिनी दारात आली. "पाया पडताय व्हय, भावजी?" मी हात जोडले.

अर्धा मिनिट लहान नसतं हो. कितीतरी वेळा मागे फिरता आलं असतं.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला आलेली माणसं मुद्दाम थांबली. पंधरा-वीस जण तरी. दादाने पूजेतून कंट्रोलर उचलला, कपाळाला लावला, पट्टा दातांनी आवळला. शेवटच्या दरवाजावर एक दगडी डोळा आहे. तो उघडतो आणि मिटतो, आणि उघडा असताना मधोमध बाण मारायचा. त्याने मारला. बाण डावीकडे भिंतीत. त्याने पुन्हा मारला. पुन्हा भिंतीत. त्याने कंट्रोलरकडे बघितलं नाही. हाताकडे बघितलं.

तीस-चाळीस बाण तरी मारले असतील. आधी लोक "हाण, हाण" करत होते, मग कुणीतरी चेष्टा केली. "विलासराव, डोळा त्या अंगाला हाय!" हशा झाला. तो घामाने भिजला होता. आता हात खरोखरच कापायला लागला होता, इतका वेळ ताणून धरल्यावर कुणाचाही कापेल. आणि तेव्हा मी बोललो. काळजीच्या आवाजात बोललो, तो आवाज मला छान जमतो. "दादा, हात थरथरतोय का तुझा?"

वीस माणसांची नजर त्याच्या हातावर गेली. बिघाड मी कंट्रोलरमध्ये घातला होता. या एका वाक्याने मी तो त्याच्या हातात नेऊन ठेवला. मला काय वाटलं ते विचारा ना. सुख वाटलं. तो खड्ड्यात पडला होता आणि मी काठावर उभा राहून बघत होतो.

त्याने पट्टा सोडला. "आज न्हाई व्हत," म्हणाला आणि टॉवेल हातावर घेतला.

सकाळी मी अंगणात होतो. दादा अंघोळ करून, टोपी घालून आला, चावी घेतली, पिकअपमध्ये बसला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो तसाच बसून राहिला. गाडी सुरू केलीच नाही. वहिनी नारळ घेऊन चाकापाशी उभी होती. मग तो खाली उतरला आणि त्याने चावी मेहुण्याच्या हातात दिली. "तूच चालीव. रस्त्यात पोरंबाळं असत्यात." नारळ तिने घरात नेला. माझ्या तोंडात कबुली आली होती का? नाही. माझ्या तोंडात चहा होता.

निघताना त्याने स्वतः गेम पिशवीत भरून दिला. पुण्याला आल्यावर मी कंट्रोलर टेबलावर सपाट ठेवला, अर्धा मिनिट थांबलो. सरळ झाला. त्याच्या खाचेत कुंकू होतं, ते टाचणीने काढलं.

आणि मग मी त्याचा खेळ पुढे खेळलो. माझा नव्हे, त्याचा, जिथे त्याने सोडला होता तिथून. बटणांवर मला तो दगडी डोळा लागेना. चार दिवस लागेना. म्हणून पट्टा मनगटाला बांधला, उभा राहिलो आणि हात हलवून, त्याच्यासारखा मान वाकवून खेळलो. तिसऱ्या बाणाला दरवाजा उघडला. तेव्हा कळलं, हा खेळ असाच खेळायचा असतो. त्या सोयीने खेळाचं काहीही बिघडलं नव्हतं. मग त्या खेळण्याचं रेकॉर्डिंग लावून मी बटणांचा कंट्रोलर हातात धरून कॅमेऱ्यासमोर बसलो, पडद्याच्या कोपऱ्यातलं "विलास" हे खेळाडूचं नाव झाकलं आणि व्हिडिओ केला. हात हलवणं हा पोरखेळ आहे, बघा, शेवटचा दरवाजा बटणांवरच उघडतो. माझा सगळ्यांत जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तोच. सहा वर्षं मी त्या व्हिडिओच्या जोरावर बोलतोय.

तो टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला.

"बगितलं म्या. दोनदा बगितलं. बोटांनीच केलंस व्हय?"

"व्हय दादा."

"तरीच. मी हिला तेच म्हनत व्हतो, हातानं व्हनारं न्हाईच ते. बोटं लागत्यात." मग म्हणाला, "लई झ्याक मारलास बान."

मी त्याला थँक्यू म्हणालो.