दौलतभाऊंच्या कामट्या

दौलतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांचीच वही माझ्यासमोर उघडी होती. फोनवर त्यांची सून वैशाली होती. ती रडत नव्हती, म्हणून मला क्षणभर तिचाही संशय आला. आणि नंतर मनात आलेला पहिला विचार होता... आता या वहीतल्या आकड्यांचं उत्तर कोण देणार? हे लिहायला लाज वाटते, पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

माझं काम अनुदानाचं आहे. धानाच्या शेतीत पाणी कसं वाचेल याचे प्रयोग शेतकऱ्यांनीच करायचे, नोंदी त्यांनीच ठेवायच्या. आमची संस्था त्यासाठी पैसे देते आणि नोंदी खऱ्या आहेत का ते मी तपासते. सावली तालुक्यातल्या एका गावात दौलतभाऊंचा अकरा जणांचा गट होता. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सतत पाणी तुंबवून ठेवायचं नाही, आटू द्यायचं. भोकं पाडलेला एक पाइप चिखलात रोवायचा, त्यात पाणी किती खाली गेलं ते रोज पाहायचं, आणि ठरलेल्या खुणेखाली गेलं तरच तलावाचं पाणी घ्यायचं. धानाला लोंबी धरायच्या आधी बांधीला भेगा पडू द्यायला तिकडे छाती लागते. गावातले लोक बांधावर उभे राहून म्हणायचे, "दौलत्या बांधी वाळवून राह्यला, आता पापड घाल म्हना तिथी." भाऊ त्यांना म्हणायचे, लाटायले तुमच्या घरून बाया धाडा.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, अनोळखी माणसांशी बोलताना वाक्य मनात दोनदा जुळवणारी. त्यांना समोर कधी 'भाऊ' म्हणू शकले नाही. ते चहा पुढे करायचे आणि मी वही मागायची. एकदा ते म्हणाले, "मॅडम, तुमी पान्यापेक्षा वहीच जास्त पाह्यता." मी हसले नाही. मला तो टोमणा वाटला. शिवाय काहीतरी लपवायचं असलेली माणसंच असं गमतीत बोलतात, असं तेव्हा माझं मत होतं.

दिवाळीनंतर हंगामाची पूर्ण वही आली. तीत महिना-महिना एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेला दिसत होता. चिखलाचा एक डाग नाही. आणि भाऊंच्या स्वतःच्या बांधीच्या नोंदीत सलग नऊ दिवस पाणी अगदी पायरी उतरल्यासारखं, रोज सारखंच खाली गेलेलं. पाणी असं वागत नाही. मी न कळवता गावात गेले आणि विचारलं, "ही नोंद कधी लिहिता?" "रोज. बांधीवरच," ते म्हणाले. वैशाली दारात उभी होती. तिने मान खाली घातली आणि ते मला पुरेसं झालं. परत येऊन मी शेरा लिहिला : खुलासा होईपर्यंत पुढचा हप्ता थांबवावा. म्हणजे उन्हाळी धानावरचा प्रयोग थांबला. गटातले लोक पुन्हा बांध्या भरून ठेवणार आणि पापडवाले खरे ठरणार, हे मला कळत होतं. भाऊंनी दोनदा फोन केला. मी लेखी पाठवा म्हणाले. लेखी काही आलं नाही... आला तो वैशालीचा फोन.

तेरवी झाल्यावर मी गेले. खरं सांगायचं तर भेटायला कमी आणि वहीचा प्रश्न मिटवायला जास्त. वैशालीने गोठ्यातून बांबूच्या कामट्यांच्या माळा आणून समोर ठेवल्या, प्रत्येक शेतकऱ्याची एक. रोज एक नवी कामटी पाइपात उभी करायची, जिथवर ओली होईल तिथे विळ्याने खाच पाडायची आणि दोरीत गाठ मारून अडकवायची. आम्ही दिलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवरचे बारीक आकडे कुणालाच दिसत नव्हते. महिन्याच्या शेवटी वैशाली सगळ्या खाचा मोजून वहीत उतरवायची. पण प्रशिक्षणात 'रोज जागेवरच लिहा' असं बजावलं होतं, म्हणून भाऊ खोटं बोलले होते.

मी पट्टी घेऊन तिथेच बसले. एकेक खाच वहीशी जुळवली. जुळत गेली. भाऊंच्या माळेत मात्र मध्येच वीतभर दोरी मोकळी होती. मी म्हणाले, "इथे नऊ दिवस नाहीत." माझा आवाज तपासणीचाच होता.

"तेवा मामाजी गडचिरोलीले भरती होते. छातीत दुखे. मी बी तिथीच होती," वैशाली म्हणाली. "अनुदानाच्या कागदावर सही त्यायची. मानूस बिमार दिसला त मॅडम पैसा बंद करतीन म्हने. म्हनून वहीत अंदाजानं लिवाले लावलं. मी म्हटलं, कामट्या बी अंदाजानं कापू? त म्हने, नाई... कामटी खोटी नाई कापाची."

नोंद राहिली तर रकान्यात 'नोंद नाही' लिहायचं, एवढाच आमचा नियम आहे. नऊ कोऱ्या दिवसांनी काहीच अडलं नसतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. आकडे कुठून आले हे मी विचारलं होतं. तुम्ही कुठे होता, हे नाही.

नऊ रकाने खोडून मी तिथे 'नोंद नाही' लिहिलं आणि शेरा मागे घेतला. थांबलेला हप्ता गटाला मिळाला. गटाचं काम आता वैशाली पाहते. उन्हाळी धानाची रोपं लावून रोवणा झाला आहे, पाइप रोवले आहेत.

भाऊंची माळ तिने मला दिली. ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगली आहे. संशय घेणं मी सोडलेलं नाही, ते माझं कामच आहे. फार नीटनेटकी वही आली की अजूनही मान आपोआप वर होते... मग नजर त्या मोकळ्या दोरीवर जाते. मी फोन लावते आणि आकड्यांच्या आधी, घरी सगळे बरे आहेत ना, असं विचारते. ते वाक्य मला अजून मनात दोनदा जुळवावं लागतं.