नवरदेव, करवली आणि इम्पोर्टेड रबर

आमच्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरमधून लग्नाला गेलेला प्रत्येक नवरदेव लाल होऊन उतरला. लाजून नव्हे, धुळीने!

गाडी बाबांची. सकाळी ते मोहर्लीला पर्यटकांना जिप्सीतून वाघ दाखवतात (वाघाची इच्छा असेल त्या दिवशी), आणि लग्नसराईत ही अ‍ॅम्बेसेडर नवरदेवांसाठी भाड्याने देतात. वयाने ती बाबांपेक्षा थोडीच लहान. तिच्या दारांना रबर असं उरलंच नव्हतं, होती ती रबराची आठवण. रस्त्यावरची लाल माती त्या फटींतून आत येई आणि नवरदेवाच्या मांडीवर बसून थेट मांडवापर्यंत जाई. एका नवरीने तर नवरदेव समोर आल्यावर हळूच विचारलं होतं, "फोटोतला कुठी आहे?"

तोपर्यंत हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं होतं, म्हणून आम्ही हसत होतो. मग प्रमोददादाचं लग्न ठरलं.

मुलगी वैशाली, आरोग्य उपकेंद्रात नर्स. गाव आल्लापल्लीच्याही पुढे, आणि त्या रस्त्यावर खाणीच्या ट्रकांची रांग. बघायला गेलो तेव्हा आत्या म्हणाली, "काही विचारायचं असन तर विचार बाई."

"विचाराचं नाई, सांगाचं आहे," वैशाली म्हणाली. "माह्या ताईच्या लग्नात भाऊजी गाडीतच रुसून बसले. बाबानं मोटरसायकल कबूल केली तवा कुठं खाली उतरले. माह्या लग्नात कोणी गाडीत रुसून बसलं, तर मी हार उचलणार नाई."

तिचे वडील खाली बघायला लागले. दादा मात्र इतका खूश झाला, की चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "अवो, मी तं गाडी थांबाच्या आधीच उतरतो!"

घरी आल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "पाह्य, पोरगी मले लय आवडली. तिच्यासमोर मले लाल तोंडानं नाई जायचं. तू कॉलेजात जाते ना? त्या रबराचं काही तरी कर."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात समज असा, की जे कोणालाच जमत नाही ते मला जमत असणार. मी तो समज मोडत नाही. (मोडायचं धाडस होत नाही, हे जास्त खरं.) चंद्रपूरच्या दुकानांत विचारून झालं होतं. ही गाडी बनणंच बंद झालंय, रबर कुठून येणार? मी मोबाईलवर शोधलं, तर कळलं की आमच्या अ‍ॅम्बेसेडरची थोरली बहीण पूर्वी इंग्लंडमध्ये बनत असे, आणि तिथले हौशी लोक अशा गाड्या अजून जिवापाड सांभाळतात. त्यांच्यासाठी नवे सुटे भाग बनतात आणि ते आपल्याकडेही पाठवले जातात! मी "रिस्पेक्टेड सर"ने सुरू होणारं पत्र लिहिलं, अगदी रजेच्या अर्जासारखं. चारही दारांची रबरं, काचांची रबरं, काचा खाली-वर करायची चकचकीत हँडलं, बाहेरून दार उघडायचे दांडे, सगळं मागवलं.

खोकं आलं तेव्हा शेजारपाजार जमला. खोक्यावर झेंडा एका देशाचा, पत्ता दुसऱ्या देशाचा आणि आतल्या कागदावर लिपी तिसऱ्याच देशाची! मला त्यात काही खटकलं नाही. उलट वाटलं, केवढ्या देशांनी आपल्या दादासाठी कष्ट घेतले!

"काय लिवलं आहे?" बाबांनी विचारलं.

"उणे चाळीस अंशातसुद्धा तडकत नाही," मी खोक्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं.

"आपल्या इथी उणे चाळीस कवा होते?"

"होत नाही बाबा. पण झालं तर!"

मे महिना होता. आमच्या दारातली कुत्री सावलीसाठी एकमेकांच्या खाली शिरत होती. बाबांनी मान डोलावली. "शिकलेली पोरगी आहे. पुढचं पाह्यते."

गुलाबभाऊ मिस्त्रीने ते रबर गालाला लावून पाहिलं आणि डोळेच मिटले. "याले म्हणतात माल! लोण्यावानी आहे!" (उपमा इतकी अचूक होती, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.) जुन्या गाडीला नवं रबर शोभणार नाही म्हणून त्याने लगोलग पांढरा रंगही मारून दिला. दार लावलं की 'थप्प!' असा आवाज येई, एखाद्या महागड्या फ्रीजसारखा. गल्लीतले लोक मुद्दाम येऊन दार लावून बघत आणि "वा!" म्हणून जात. मी अंगणात उभी राहून त्यांच्याकडे बघत असे. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या इंग्रजीचा कोणाला तरी उपयोग झाला होता.

लग्नाच्या आदल्या रात्री गडचिरोलीला आत्याकडे मुक्काम केला. सकाळी वऱ्हाड बसने पुढे गेलं आणि मागून आमची गाडी निघाली. बाबा गाडी चालवणार, शेजारी आत्या. मागे पांढऱ्या सुटात दादा आणि करवली म्हणून मी, मांडीवर पाण्याने भरलेला कलश. बाबांनी सगळ्या काचा वर करायला लावल्या. पुढची ती छोटी तिकोनी काच त्यांनी धूळ येते म्हणून कधीच खिळे मारून बंद केली होती.

आणि खरंच, एक कण आत आला नाही! बाहेर ट्रक लाल ढग उडवत होते, आत दादा बगळ्यासारखा शुभ्र. फक्त हवाही येत नव्हती.

चामोर्शीच्या पुढे दादा म्हणाला, "बाबा, थोडी काच खाली करू का? माह्यावाला जीव चालला."

"कर थोडीशी."

दादाने हँडल फिरवलं. हँडल फिरलं, फिरत राहिलं आणि शेवटी त्याच्या हातात आलं. काच होती तिथेच! मी माझ्या बाजूचं फिरवलं. तेही हातात आलं. चकाकी तेवढी चांगली होती, आतून प्लास्टिक.

"काय तोडलं रे?" आत्याने वळून विचारलं.

"काही नाही आत्या," मी म्हणाले आणि दोन्ही हँडलं पदराखाली घेतली.

"गाडी थांबवा ना बाबा, दार उघडून हवा घेऊ," दादा म्हणाला.

"काही गरज नाई!" आत्या ओरडली. "हळद लागलेल्या नवरदेवानं रस्त्यात पाय नाई ठेवत!"

आष्टी गेलं. आल्लापल्ली गेलं. पुढच्या काचांची हँडलंही बाबांच्या आणि आत्याच्या हातात आली. दादाचा फेटा ओला झाला. आत्याने पदराने वारा घेतला, पण वारा तोच, चौघांच्या श्वासातला! शेवटी दादाने माझ्या मांडीवरच्या कलशाकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. आत्या समोर बघत होती. आम्ही नारळ बाजूला केला आणि लग्नाचं पाणी निम्मं निम्मं पिऊन टाकलं. (विहीणबाईंना हे अजून माहीत नाही.)

गाव आलं. वेशीपासून बँड सुरू झाला. मांडवासमोर गाडी थांबली आणि वैशालीचे वडील हार घेऊन पुढे आले. दादाने शब्द दिल्याप्रमाणे पहिल्या क्षणाला दार ढकललं.

दार हललं नाही.

त्याने खांदा लावला. मी माझ्या बाजूचं ढकललं. बाबांनी त्यांचं, आत्याने तिचं. एकही नाही! मी दाराच्या कडेला बोट लावलं, तर ते काळ्या पाकात बुडाल्यासारखं आत गेलं. सकाळपासून बंद दारांत रबर उन्हाने वितळून नव्या रंगाला अशी मिठी मारून बसलं होतं, की आता ती चार दारं नव्हतीच, गाडी एकाच पत्र्याची होती.

"काऊन उतरून नाई राह्यले?" असं बाहेर कोणी तरी म्हणालं असावं, कारण सगळ्यांचे चेहरे एकदम बदलले. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. आवाजही आत येऊ द्यायचा नाही, इतकं ते रबर प्रामाणिक होतं.

वैशालीच्या वडिलांनी मुकाट्याने बोटातली अंगठी काढली आणि काचेला लावली.

"अरे देवा!" दादा म्हणाला. "त्याईले वाटते मी रुसलो!"

त्याने दोन्ही हात जोरजोरात हलवले. नाही, नाही! बाहेर त्याचा अर्थ झाला, अंगठीत भागत नाही. वडिलांनी मागे वळून काही सांगितलं. मोठ्या जावयाने (हेच ते मागचे रुसलेले भाऊजी!) अतिशय नाखुशीने खिशातून मोटरसायकलची किल्ली काढून दिली. तीही काचेला लागली. दादाने हात जोडले, कान पकडले, डोकं हलवलं. बाहेरच्या बाया तोंडाला पदर लावून एकमेकींशी बोलू लागल्या.

"बाबा, हॉर्न वाजवा!" मी म्हणाले.

बाबांनी हॉर्न वाजवला. बँडवाल्यांना वाटलं, नवरदेव खुशीत आहे. त्यांनी दुप्पट जोराने वाजवायला घेतलं आणि चार पोरं बोनेटसमोर नाचू लागली.

आत्याने काचेवर मुठी आपटल्या. बाहेरच्या बाया दोन पावलं मागे सरकल्या. करवली म्हणून आता मलाच काही तरी करायला हवं होतं. मला एक कल्पना सुचली. (त्या महिन्यातली ही दुसरी.) नेटवर्क नव्हतं, पण मोबाईलवर अक्षरं तर लिहिता येतात! मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दार उघडत नाही', आणि मोबाईल काचेला लावला.

दुपारचं ऊन त्या काचेवर पडलेलं. बाहेरून अक्षरं कुठली दिसणार? दिसला तो फक्त मोबाईल, आणि त्याच्याकडे बोट दाखवून जीव तोडून काही तरी मागणारी करवली!

वडिलांचा चेहरा उतरला. त्यांचे ओठ हलले आणि ते मला काचेआडूनही वाचता आले. "मोबाईल पाहिजे म्हणते."

"काय केलं तू!" दादा ओरडला. "आता मोबाईलही मागितला!"

"मी मागितला नाही, मी सांगितलं!"

"मंग ते खिसे काऊन चाचपून राह्यले?"

खरोखरच बाहेर तीन-चार पाहुणे आपापले मोबाईल काढून बघत होते, कोणाचा जास्त नवा आहे ते. तेवढ्यात गर्दी दोन बाजूंना झाली आणि मधून वैशाली आली. हिरवा शालू, कपाळाला मुंडावळ्या, हातात हार. तिने अंगठीकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, आणि वडिलांच्या हातातल्या कोणाच्या तरी मोबाईलकडे पाहिलं. मग काचेतून दादाकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

तिने हातातला हार ताईकडे दिला आणि ती वळली.

"गेली!" दादा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्याचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बाबांनी बाहेरचा दांडा ओढायची खूण केली. कोणी तरी ओढला. तो दांडा त्या माणसाच्या हातात आला आणि तो माणूस तसाच उभा राहिला, आहेर आणल्यासारखा.

दादा सीटवर उलटा झाला, गुडघे टेकले आणि त्याने मागच्या मोठ्या काचेला खांदा दिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काहीही न फुटता अख्खी काच शांतपणे घसरली आणि डिकीवर जाऊन बसली. तिचं रबरही माझंच होतं!

नेमका तेव्हाच बँडवाल्यांनी श्वास घ्यायला बँड थांबवला. त्या शांततेत दादा मागच्या भोकातून अर्धा बाहेर आला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मले काईच नाई पाहिजे! मले फक्त बाहेर काढा!"

वैशाली थांबली. वळली. दादा डिकीवरून घरंगळत खाली उतरला. फेटा काचेच्या चौकटीलाच चिकटून राहिला, सुटाच्या दोन्ही बाह्या काळ्या, नाकावर काळा पट्टा.

"तुमी रुसले नवते?" तिने विचारलं.

"नाई वो! चिकटलो होतो!"

तिने पुढे होऊन दाराच्या कडेला बोट लावलं. बोट काढलं, तर काळी तार लांबच लांब येत राहिली, गुळाच्या पाकासारखी. ती तारेकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती! वडिलांनी अंगठी पुन्हा बोटात घातली, भाऊजींनी किल्ली घाईघाईने खिशात टाकली, आणि वैशालीने ताईसमोर हात धरला. "आण तो हार."

दादाने मान अशी खाली केली, की हार घालून घ्यायची घाई त्यालाच जास्त असावी.

माझं मात्र अजून संपलं नव्हतं. मी मागच्या भोकात अडकले होते, अर्धी आत, अर्धी बाहेर, हातात रिकामा कलश.

"हे रबर कोणं आणलं?" नव्या वहिनीने विचारलं.

दादाने बाहेरून, बाबांनी आणि आत्याने गाडीतून, तिघांनी एकदम माझ्याकडे बोट केलं.

"तू कॉलेजात जाते ना? काय शिकते?"

मला खोटं बोलायची सवय नव्हती. "केमिस्ट्री," मी म्हणाले.

मांडव इतका हसला, की बँडवाल्यांनी, माझी दया येऊनच असावं, पुन्हा वाजवायला सुरुवात केली. तेव्हापासून दादाच्या सासरी कोणी विचारलं, तर मी इतिहास शिकते असं सांगते.