नावडती पुरणपोळी

गौरीजेवणाच्या दिवशी शेजारच्या सुमतीकाकू सवाष्ण म्हणून आमच्याकडे जेवायला बसल्या होत्या. सासूबाई तुपाने निथळणारी पुरणपोळी वाढायला वाकल्या आणि काकूंनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"नको हो. मला पुरण आवडतच नाही."

"अहो, दरवर्षी तर खाता!"

"खात होते. आता सत्तरी ओलांडली, म्हणून खरं सांगते."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. लग्नानंतरचा तो माझा पहिलाच सण. एक घास दुधाबरोबर कसाबसा उतरवून मी उरलेल्या पोळीकडे बघत होते. लहानपणापासून मला वाटायचं, पुरणपोळी न आवडणं म्हणजे देवाच्या नैवेद्यालाच नावं ठेवणं. रोजची एखादी भाजी नावडती असली तर चालतं. सणाचा पदार्थ मात्र सगळ्यांना आवडतो, असं आधीच ठरून गेलेलं असतं. किती पंगतींत किती माणसं हसऱ्या चेहऱ्याने घास गिळत असतील आणि आपण एकटेच असे, असं समजत असतील!

सासूबाईंचं लक्ष माझ्या पानाकडे गेलं.

"तुलाही नाही ना गं आवडत?"

मी नुसती मान हलवली. डोळ्यांत पाणीच आलं.

"मग बोलायचं नाही का, वेडे!" म्हणत त्यांनी आम्हा दोघींना गरम वरणभात वाढला, वर लिंबू पिळलं. काकू आणि मी भराभर जेवलो. भूक केवढी लागली होती, ते मला तेव्हा कुठे कळलं.