खडूने लिहिलेली सहा उत्तरे

हसनभाईंच्या दुकानात कापड घेऊन गेलेल्या माणसाला आधी थांबावे लागे. हसनभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "जरा दमानं. खाली कोडं आहे." मग ते कापणीच्या टेबलाच्या कडेला उभे राहून त्यावर खडूने आखलेल्या शब्दकोड्याच्या चौकटी एकदा नजरेखालून घालत, दुसऱ्या बाजूला जागा करत आणि तिथे कापड अंथरत. लोणावळ्याच्या बाजारपेठेत त्यांच्याइतका चांगला कोट कोणी शिवत नसे. म्हणून लोक थांबत.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडत असे. वाचनालयात येणाऱ्या एका मासिकात दर महिन्याला शब्दकोडे असे. अंकावर कोणी पेन्सिलीची रेघ ओढलेली मला खपत नसे. त्याबद्दल मी दोघातिघांची वर्गणी परत करून त्यांना घरी पाठवले होते. हसनभाईंशी माझी ओळख याच कारणाने झाली. एकदा ते बराच वेळ कोड्याच्या पानासमोर बसून होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. हातात काही नव्हते. "डोक्यात लिहितोय, मास्तर," ते म्हणाले. "डोक्याला आपली हरकत नसेल ना?" दुसऱ्या दिवशी मी स्वतः तो अंक बगलेत मारून त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला, कापणीच्या टेबलावर चौकटी आखल्या, आणि पुढची बारा-तेरा वर्षे आम्ही कोडी त्या टेबलावरच सोडवली.

तिसरे होते साठे. मालगाडीवर गार्ड होते. घाटात गाडी खोळंबली की त्यांना शब्द सुचत. दुकानात एकच नियम होता, आणि तो हसनभाईंचा: ज्याचा शब्द, त्याचा हात. ज्याला उत्तर सापडले त्यानेच खडू उचलून ते लिहायचे, दुसऱ्याने नाही. एकदा साठ्यांनी कर्जतहून एका हमालाबरोबर चिठ्ठीवर शब्द पाठवला. शब्द बरोबर होता, त्याच्यामुळे आणखी दोन सुटत होते. हसनभाईंनी चिठ्ठी सुईने भिंतीला टोचून ठेवली आणि चौकटी कोऱ्याच राहू दिल्या. चार दिवसांनी साठे गणवेषातच, हातात कंदील घेऊन आले. शब्द लिहिला आणि मगच घरी गेले. मी विचारले होते, एवढे अडवून काय मिळते? हसनभाई म्हणाले, "मी बाही कापायची आणि टाके दुसऱ्यानं घालायचे, तर तो कोट कुणाचा मास्तर?"

खडूचा एक तोटा होता. वडगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका गृहस्थांच्या काळ्या कोटाचे अस्तर चुकून कोड्यावर पसरले गेले. कोर्टात त्यांनी कोट काढला तेव्हा अस्तरावर उलट्या अक्षरांत अर्धा शब्द उमटलेला होता. पक्षकाराला वाटले वकिलांनी काही मंत्र लिहून घेतला आहे. वकील तणतणत दुकानात आले. हसनभाईंनी शांतपणे विचारले, "खटला जिंकलात का?" जिंकले होते. "मग अस्तर धुऊन देऊ की राहू द्यायचं?"

हसनभाईंची एक इच्छा होती. पुढच्या अंकात, सगळी उत्तरे बरोबर पाठवणाऱ्यांची नावे छापत. बक्षीस वगैरे काही नसे, नुसती नावे. आमचे दरवेळी एखाद्या शब्दात चुके. नाव छापून आले तर ते कात्रण दुकानात, मापाच्या टेपाच्या खुंटीखाली लावायचे, ही जागा त्यांनी ठरवूनच ठेवली होती. तिथे ते दुसरे काही लावू देत नसत. एका वर्षी कोणी कॅलेंडर आणून दिले, तेही त्यांनी दाराकडे हलवले.

एका दिवाळी अंकात अवघड कोडे आले. त्यातल्या सहा शब्दांना काही सूचनाच नव्हती. वर एवढेच लिहिले होते की हे सहा शब्द एकाच गोष्टीचे आहेत, ती गोष्ट ओळखावी. बाकीचे शब्द लावून आम्ही सहाही शब्दांची एखाददोन अक्षरे मिळवली आणि तिथे अडकलो. मी पुराणे धुंडाळली. साठ्यांचे म्हणणे, हे सगळे नौकेचे भाग असणार. तीन दिवस वाद झाला.

कुरवंड्याच्या ठकूबाई रोज सकाळी दूध घेऊन बाजारात येत. हसनभाईंच्या पायरीवर चरवी टेकवून घटकाभर बसत. त्या दिवशी रविवार होता, आम्ही तिघेही होतो. मी पहिल्या शब्दापासून अक्षरे मोठ्याने वाचत होतो. ठकूबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "ह्ये तर भाताचं हाय."

आम्ही वळून पाहिले.

"आदी राब भाजायचा, मग खाचर, मग चिखलणी, मग आवणी. मग लोंबी धरती. शेवटाला पेंढा. आनि काय?"

सहाच्या सहा बसत होते. जमीन भाजण्यापासून, चिखलात रोपे लावून, कणसे धरून, शेवटी गवत उरेपर्यंत भाताचे सगळे वर्ष त्या चौकटींत होते. मावळात राहून, चारी बाजूंना भात पाहून आम्ही नौकेत बसलो होतो. साठे खूप हसले. हसनभाईंनी मात्र खडू उचलला आणि ठकूबाईंपुढे धरला.

"मला कुटं येतंय लिवाया, हसनभाऊ."

"येईल. सोळा तर अक्षरं आहेत."

दुसऱ्या दिवसापासून दूध घातले की ठकूबाई टेबलापाशी उभ्या राहत. हसनभाई कोपऱ्यात अक्षर काढून दाखवत, त्या खाली गिरवत. राब दोन दिवसांत झाले. खाचर झाले. चिखलणीतला पहिला 'चि' त्यांना तीन दिवस पुरला. त्या म्हणाल्या, खरी चिखलणी यापेक्षा लवकर उरकते. चिखलणी कशीबशी पुरी झाली आणि मग त्या यायच्या बंद झाल्या. भात कापणीला आले होते.

उत्तर पोचायची तारीख जवळ आली. हसनभाई रोज रस्त्याकडे बघत, पण नियमाबद्दल बोलत नसत. मीच अस्वस्थ झालो. ती खुंटीखालची रिकामी जागा मला दिसत होती. शेवटी एका दुपारी, कोणाला न सांगता, मी पूर्ण उत्तर कागदावर उतरवले. राहिलेले शब्द मला पाठच होते. खाली सोडवणाऱ्यांची नावे लिहायची होती. मी तीन लिहिली. विसरलो, असे पुढे मी स्वतःला सांगत आलो. पण विसरलो नव्हतो. लिहिता न येणाऱ्या बाईचे नाव शब्दकोडे सोडवणाऱ्यांत कसे शोभेल, हा विचार माझ्या मनात आला होता, आणि मी पाकीट चिकटवले.

तारीख उलटून दोन दिवसांनी ठकूबाई आल्या. बोटाला विळा लागून चिंधी बांधलेली. तशाच बोटाने त्यांनी दोन दिवसांत उरलेले तिन्ही शब्द लिहिले. पेंढाचा 'ढा' चौकटीबाहेर गेला. हसनभाईंचा चेहरा आनंदाने इतका फुलला होता की मला तिकडे बघवेना.

"आता पाठवा, मास्तर. उशीर झाला तर झाला."

मी सांगितले, वेळेवर पाठवले आहे. त्यांनी खडू उचलून बाजूला ठेवला. मग विचारले, "नावं कुणाकुणाची?"

"आपली," मी म्हणालो.

पुढचा अंक आला. नावे छापली होती. हसनभाईंनी ओळीवरून बोट फिरवले, परत मागे नेले, पुन्हा फिरवले. "आपली म्हणजे तिघांची होय," एवढेच म्हणाले, अंक मिटून माझ्या हातात दिला आणि मशीनवर जाऊन बसले. कात्रण मागितले नाही. खुंटीखालची जागा रिकामीच राहिली. पुढेही आम्ही कोडी सोडवली, पण उत्तर पाठवू का म्हटले की ते म्हणत, "राहू द्या. टेबलावर पुरे." माझ्याशी बोलणे पूर्वीसारखेच गोड. मला लागेल असा एक शब्दही ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, कापड मिळेनासे झाले तेव्हा, त्यांचे दुकान निम्मे बंदच असे. त्यातच छातीच्या दुखण्याने ते गेले. मातीला साठे होते, मी होतो, आणि कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर रिकामी चरवी घेऊन ठकूबाई उभ्या होत्या.

महिन्याभराने मी तो जुना अंक काढला आणि कुरवंड्याला चालत गेलो. ठकूबाई अंगणात होत्या. मी अंक उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळे सांगितले. तारीख, पाकीट, तीन नावे, आणि का तीन. त्यांनी ऐकून घेतले.

"म्या वाचलंय ते," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"तवाच. तुमी वाचनालयात ठेवल्यावर हसनभाऊंनीच माझ्यासाटी मागून आनला व्हता. तवर बाकीची अक्षरंबी त्यांनीच शिकवली व्हती, आनि छापील असं पयलं तेच वाचलं. लय येळ लागला. माजं नाव कुटं हाय, म्हनून धुंडत बसले."

मला मान वर करता येईना.

"हसनभाऊ म्हनले, मास्तरांना काय बोलू नगं. त्ये आपनहून येतील. म्या म्हनलं, न्हाई आले तर? तर म्हनले, चुकल्याली शिलाई उसवाया मानूस कवातरी बसतोच." त्यांनी अंक जवळ ओढला. "लय वरीस लावलंत पर."

मी खिशातून शाईचे पेन काढले, टोपण उघडले आणि वाचनालयाच्या त्या अंकावर, तीन नावांच्या खाली, कोरी जागा दाखवली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. अंकावर रेघ ओढलेली मला खपत नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत होते.

"तुमचा शब्द," मी म्हणालो.

त्यांनी पदराला हात पुसले, वरच्या ओळीत हसनभाईंचे नाव बोटाने शोधले, आणि त्याच्या बरोबर खाली सावकाश लिहिले: ठकू. शाई ओली होती. आम्ही दोघे ती वाळेपर्यंत बसून राहिलो.